विद्यार्थ्यांना घेऊन युरोप: पॅरिस ते क्राकुफ अभ्याससहल, काय ठेवू आणि काय गाळू?

वैदेही_इतिहास

नमस्कार मंडळी. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. पुढच्या मे महिन्यात तृतीय वर्षाच्या चोवीस मुलामुलींना युरोपला न्यायचं ठरतंय. सोबत मी आणि एक सहकारी सर. विषय आहे दोन महायुद्धं आणि त्यानंतर दुभंगलेला युरोप.

आत्ताचा आराखडा असा: पॅरिस, व्हर्साय, ईप्र, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, पोलंडमधलं क्राकुफ आणि जवळची नाझींची मृत्युछावणी ऑशविट्झ. सगळं दोन आठवड्यांत. यादी बघून पालक खूश आहेत, पण मला धास्ती वाटते. मुलं बसमधून उतरतील, फोटो काढतील, परत बसतील आणि घरी येऊन सांगतील की युरोप फार स्वच्छ आहे. एवढ्यासाठी त्यांच्या आईवडिलांना इतका खर्च करायला लावायचा?

ज्यांनी मुलांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगा. काय गाळू? ऑशविट्झची तयारी कशी करून घेऊ? व्हिसा आणि बसबद्दलही जे माहीत असेल ते लिहा.

---

निनाद_ब्रुसेल्स

वैदेहीताई, मी इथेच राहतो आणि गटांच्या बसप्रवासाचं काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्या झाल्या तर जिथून पहिला प्रवेश, तो देश. त्यामुळे आधी मुक्काम पक्के करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. चोवीस जणांची कागदपत्रं आहेत, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. आरोग्यविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. शेंगेनचं (म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसाचं) नेहमीचं शुल्क ९० युरो आहे, पण अभ्यासासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ते माफ करण्याची तरतूद नियमांतच आहे. महाविद्यालयाच्या पत्रात अभ्यासाचा हेतू आणि रोजचा कार्यक्रम स्पष्ट लिहा आणि माफी मागा. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र वेगळं असतं.

बसबद्दल: इथल्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं. दिवसाला नऊ तास चालवायची मर्यादा आहे, आठवड्यातून दोनदा दहा तास चालतात. रोजची सलग विश्रांती साधारण अकरा तासांची. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. रात्री उशिरा मुलांना हॉटेलवर सोडून त्याच चालकाला पहाटे बोलावता येत नाही. बर्लिन ते क्राकुफ जवळपास सहाशे किलोमीटर आहे, म्हणजे तो पूर्ण दिवस प्रवासाचाच धरा.

आणखी एक. बेल्जियमच्या डच भाषक भागात स्टेशनवर ईप्रचं नाव ‘ईपर’ असं दिसेल, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर फ्रान्समधल्या लिलचं नाव ‘राइसल’. मुलांना गट करून सोडणार असाल तर आधी सांगून ठेवा.

---

दत्ता_सर

वैदेहीताई, तुमची धास्ती अगदी योग्य आहे. मी निवृत्त होईपर्यंत इतिहासच शिकवला आणि मुलांना घेऊन या वाटेने गेलो आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: अ‍ॅमस्टरडॅम आणि प्राग गाळा. दोन्ही शहरं सुंदर आहेत, पण तुमच्या विषयाला ती वळसा घालायला लावतात. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, ठरावीक वेळेची असतात आणि भराभर संपतात. त्या एका तासाभोवती अख्खी सहल बांधू नका.

व्हर्साय मात्र ठेवा, आणि एका दालनासाठी ठेवा. त्या आरसेमहालात १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, पराभूत फ्रान्सच्या छातीवर. २८ जून १९१९ रोजी त्याच दालनात जर्मनीला पहिल्या महायुद्धानंतरच्या तहावर सही करायला लावली. मुलांना तिथे नेऊन एवढंच विचारा की जागा तीच का निवडली असेल. उरलेला राजवाडा ज्याला बघायचा तो बघेल. सोमवारी राजवाडा बंद असतो, हे वेळापत्रकात आत्ताच लिहून ठेवा.

आता तुमच्या यादीत जे नाही आणि असायलाच हवं, ते म्हणजे उत्तर फ्रान्समधलं न्यूव्ह शापेल हे गाव. लिलपासून बसने जवळ आहे, ईप्रहूनही तासाभराच्या आसपास. १० ते १३ मार्च १९१५ या चार दिवसांत इथे जी लढाई झाली, तिच्यात हल्ला करणाऱ्या फौजेचा जवळपास अर्धा भाग हिंदी सैनिकांचा होता. १९१४ च्या सप्टेंबरअखेर ते मार्सेयला उतरले आणि पहिला हिवाळा फ्लँडर्सच्या चिखलात काढला. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये याच गावात बॉम्बे सॅपर्सच्या दोन तुकड्या ४७व्या शीख पलटणीबरोबर घरोघर लढल्या होत्या. खंदक खणणाऱ्या आणि पूल बांधणाऱ्या या माणसांना तिथे बंदुका घेऊन पायदळासारखं पुढे जावं लागलं.

तिथलं हिंदी सैनिकांचं स्मारक १९२७ सालचं, वास्तुशिल्पी हर्बर्ट बेकरचं. गोल आवार, मध्ये उंच स्तंभ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ, आणि भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं. ज्यांचे देह सापडले नाहीत, कबर नाही, अशांची. स्तंभावर देवनागरी, अरबी आणि गुरुमुखी अक्षरं आहेत.

इथली तयारी निघण्याच्या दोन महिने आधी सुरू करा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर मोफत आहे. स्मारकाचं नाव आणि पलटण टाकली की नावं मिळतात, आणि पुष्कळांच्या नोंदीत वडिलांचं नाव व गावही असतं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नाव निवडू द्या. त्याने शोधायचं की ही पलटण कुठली, त्या दिवशी कुठे होती, तिला कुठल्या हुकुमाने पुढे पाठवलं. या सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने इंग्रजीत उतरवलेले उतारेही उपलब्ध आहेत, तेही वाचून घ्या. आपल्या मुलांनी चौदा ते अठरा सालचं युद्ध ‘त्यांचं’ म्हणून शिकलेलं असतं. स्वतः निवडलेलं नाव भिंतीवर शोधताना त्यांचे चेहरे बघा. माझ्याबरोबरची एक मुलगी गावाचं नाव वाचून म्हणाली होती, “सर, हे तर आमच्या तालुक्यातलं.” त्यानंतर परतीच्या बसमध्ये तिने जे प्रश्न विचारले, ते माझ्या वर्गात कधी कुणी विचारले नव्हते.

त्याच संध्याकाळी ईप्रला मेनिन गेट या स्मारक-कमानीपाशी जा. रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतं. १९२८ पासूनची प्रथा आहे, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात शहर होतं तेवढा काळ सोडून. कमानीवर ५४,००० हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं आहेत, त्यांत हिंदी पलटणींचीही. आधी अर्ज केला तर तुमच्या गटाला पुष्पचक्र वाहता येतं. विद्यार्थ्यांपैकी दोघांना पुढे पाठवा, तुम्ही जाऊ नका.

बर्लिनला निदान चार रात्री द्या. बेर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावरचं बर्लिनच्या भिंतीचं स्मारक मोफत आहे आणि बरंचसं उघड्यावर आहे. त्या रस्त्यावर घरं पूर्वेत आणि समोरचा पदपथ पश्चिमेत होता. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाल्यावर लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या, मग खिडक्याच विटांनी बुजवल्या. हे वर्गात कितीही रंगवून सांगा, तिथे उभं राहिल्याशिवाय मुलांना अंतर कळत नाही. संसदेच्या काचेच्या घुमटालाही पैसे लागत नाहीत, मात्र सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा आधी कळवाव्या लागतात. एक दुपार मुलांना चौघाचौघांच्या गटाने मोकळं सोडा आणि काम एकच द्या: पदपथात बसवलेले पितळी स्मृतिदगड शोधायचे. हाताच्या तळव्याएवढे असतात. त्या दारातून कुणाला नेलं, त्याचं नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं, एवढंच कोरलेलं असतं.

ऑशविट्झबद्दल. पहिली गोष्ट, ते शेवटी ठेवलंत हे बरोबर, पण क्राकुफमध्ये पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच तिथे नेऊ नका. आधी काझिमिएझ या जुन्या ज्यू वस्तीत एक दिवस घालवा. सिनेगॉग, दफनभूमी, शाळा बघू द्या. ही माणसं कशी जगत होती हे डोळ्यांसमोर नसेल, तर छावणीत मुलांना फक्त आकडे दिसतात. आकडा मोठा आहे, साधारण अकरा लाख बळी, त्यांतले दहा लाखांच्या आसपास ज्यू. एवढा मोठा आकडा मन बधिर करतो.

गटाला तिथला अधिकृत मार्गदर्शक घ्यावाच लागतो आणि आरक्षण बरंच आधी करावं लागतं. मुख्य छावणी आणि तिचाच दुसरा भाग बिर्केनाउ मिळून साडेतीन तास जातात. बिर्केनाउत सावली नाही, पाणी आणि टोपी जवळ असू द्या. कापलेले केस ठेवलेल्या दालनात आणि ११ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात फोटोला मनाई आहे. मी तर मुलांना सांगत असे की आत असेपर्यंत फोन बॅगेतच ठेवायचा. कुणाला एखाद्या दालनात जायचं नसेल तर कारण न विचारता बाहेर थांबू द्या, आणि तुमच्या सहकाऱ्यांना त्यांच्यासोबत ठेवा. परतल्यावर त्या संध्याकाळी काहीही ठरवू नका, चर्चासुद्धा नको. चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी. काही मुलं त्या रात्री खूप हसतात, मोठ्याने गाणी लावतात. रागावू नका. त्यांना ते पेलवत नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं: ठिकाणावर तुम्ही व्याख्यान देऊ नका. जे सांगायचं ते आदल्या रात्री सांगा. तिथे मुलांना बघू द्या.

---

सायली_के

मी विद्यार्थिनी म्हणून अशा सहलीला गेले होते, तेव्हा त्या बाजूने थोडंसं.

आमच्या मॅडमनी रोज एकाला ‘दिवसाचा वाटाड्या’ केलं होतं. गाड्यांच्या वेळा, पुढचा फलाट, सगळ्यांची मोजणी, हे त्याचं काम. ज्या दिवशी माझी पाळी होती त्या दिवसाचं शहर मला आजही पाठ आहे. बाकी दिवशी आम्ही पुढच्याच्या पाठीमागे चालत होतो.

पैशांचं एक सांगा मुलांना: पोलंडमध्ये युरो नाही, झ्लॉटी चालतात. आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक युरोपीय संघात सगळीकडे चालतो, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

---

वैदेही_इतिहास

दत्ता सर, तुमचं उत्तर सहकारी सरांना मोठ्याने वाचून दाखवलं. अ‍ॅमस्टरडॅम आणि प्राग गाळले. प्राचार्यांना पटवायचंय, पण ते पटवेन. न्यूव्ह शापेल माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि आता ते सोडायची कल्पनाही करवत नाही. काल वर्गात यादी उघडून दाखवली, तास संपल्यावरही पाचसहा जण बसून होते.

सायली, वाटाड्याची कल्पना घेतेय.

एक शंका राहिली. पहिल्याच दिवशी पॅरिसला उतरून दुपारी व्हर्साय ठेवलंय. जमेल का?

---

निनाद_ब्रुसेल्स

नका ठेवू. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली आहे. चोवीस जण बाहेर यायला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, आणि वेळेचं तिकीट हुकलं तर गेलंच. उतरल्या दिवशी मुलांना जेवू द्या, नदीकाठी चालू द्या. व्हर्साय दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या वेळेचं घ्या, सोमवार टाळून. लिलहून निघणाऱ्या बसला न्यूव्ह शापेलचा पत्ता देताना ‘ला बाँब’ चौक असं लिहा. स्मारक त्या चौकातच आहे.