गोळीआधी पालकांचं प्रशिक्षण

ताई, मुलगा पाच वर्षांचा, निदान एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), आणि डॉक्टरांनी गोळीऐवजी तुम्हालाच प्रशिक्षणाला बोलावलं म्हणून तुम्ही धास्तावलात. पण हे टाळणं नव्हे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय हाच आहे. जरूर जा, आणि मुलाच्या बाबांनाही न्या.

तिथे शिकवतात ते साधं वाटतं, पण चिकाटी लागते. "दप्तर भर, डबा घे, बूट घाल" असं एका दमात सांगितलं की त्यातलं एकही होत नाही. जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन एकच गोष्ट सांगा. ती केली की लगेच कौतुक, तेही नेमकं: "बूट जागेवर ठेवलेस, छान." बक्षीसही त्याच दिवशी. वार्षिक परीक्षेनंतरच्या सायकलचं आमिष या मुलांना फार लांबचं वाटतं.

अशा मुलांची साखर बंद करा, असंही कुणी कुणी सांगतं. १९९५ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नव्हता. संत्रा बर्फीवरून त्याला उगाच रडवू नका. त्यापेक्षा झोपेची वेळ पाळा.

धावणं-खेळणं मात्र रोज हवंच. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर सोडता येत नाही, तेव्हा सकाळी सहालाच अंबाझरी किंवा फुटाळा तलावाकडे न्या.

आणि पुढे अभ्यास, मैत्री अडू लागली आणि डॉक्टरांनी औषध सुचवलं, तर कृपया त्याला नकार देऊन बसू नका.