बारावीचा निकाल चांगला, तरी सीईटीत मुले मागे का?

प्रश्न (पालक, नंदुरबार जिल्हा):
2025 मध्ये राज्याचा बारावीचा निकाल 91.88 टक्के लागला आणि आमच्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयातही विज्ञान शाखेची बहुतेक मुले उत्तीर्ण झाली. परंतु शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळेल इतके पर्सेंटाइल एमएचटी-सीईटीत त्यांपैकी क्वचितच कोणाला मिळाले. वर्षभर भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक नव्हता. एवढेच कारण मानावे का?

उत्तर (तासिका तत्त्वावरील शिक्षक):
कारण मोठे आहे, पण निकालाच्या टक्केवारीत ते दिसत नाही. भौतिकशास्त्राच्या 100 गुणांपैकी 30 प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते सढळ हाताने दिले जातात. मग 35 गाठायला लेखी परीक्षेत फारसे काही यावे लागत नाही. आमच्याकडे मीटर ब्रिज (विद्युत रोध मोजण्याचे उपकरण) कपाटातून बाहेर येतो तो परीक्षेच्या आठवड्यात, आणि जर्नल गेल्या वर्षीच्या मुलांचे पाहून उतरवलेले असते. सीईटीत मात्र गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, तेही इंग्रजीतून, कारण गणिताचा पेपर मराठीत उपलब्ध नसतो. मला मानधन तासांवर मिळते, त्यामुळे मी दोन ठिकाणी शिकवतो. मुले शंका घेऊन थांबतात तेव्हा मी एसटी गाठायच्या घाईत असतो.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक):
शिक्षक का मिळत नाही, तेही पाहावे. अनुदानित महाविद्यालयात पद मंजूर होते ते संचमान्यतेतील (कोणत्या शाळेला किती शिक्षकपदे, हे ठरवणारी सरकारी मंजुरी) विद्यार्थिसंख्या आणि कार्यभार, म्हणजे आठवड्याच्या तासिका, पाहून. तुकडी एकच असली की एका विषयाचा कार्यभार पूर्ण भरत नाही. नव्याने नेमलेल्या उच्च माध्यमिक शिक्षण सेवकाला तीन वर्षे 20,000 रुपये मानधन मिळते, त्यामुळे दुर्गम भागात टिकून राहण्याचे आकर्षण उरत नाही. शिवाय ऐपत असलेली मुले नाव गावातल्या महाविद्यालयात ठेवून लातूर-पुण्याच्या क्लासला बसतात. हे थांबवण्यासाठी 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. तो किती पाळला जातो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. वर्गात उरतात ती क्लास न परवडणारी मुले, आणि पूर्णवेळ शिक्षकाची सर्वाधिक गरज त्यांनाच असते.

उत्तर (प्राथमिक शिक्षिका):
अकरावीवर सगळे खापर फोडणे मला पटत नाही. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा स्वतंत्र शिक्षक असावा, अशी तरतूद 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. ज्या शाळेत भाषेचा शिक्षकच समीकरणे शिकवतो, तिथली मुले अकरावीत पोहोचतानाच मागे पडलेली असतात. पालकांनी आधी गावच्या शाळेची संचमान्यता मागून पाहावी. माहितीच्या अधिकारात ती मिळते.