नोकरी धरली म्हणजे कला सोडली का?

लेखनिक_कांदिवली

बारा वर्षं मालिकांचे संवाद लिहितोय. गेल्या महिन्यात पवईच्या एका कंपनीत कंटेंटची नोकरी धरली, दहा ते सात. ग्रुपवर एकाने लगेच लिहिलं, "अरेरे, सोडलंस शेवटी!" खाली चार हात जोडलेले इमोजी. माणूस गेल्यावर टाकतात तसे. म्हणून हा धागा.

आधी हिशोब. शेवटची मालिका आठवड्याला सहा भाग, महिन्याला साधारण २६. भागाला ३,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ९१,०००. ऐकायला झकास. त्यातून १० टक्के टीडीएस कापून उरलेले ९० दिवसांनी. जूनमध्ये लिहिलेल्या भागांचे पैसे सप्टेंबर संपता संपता. (घरमालकाला ९० दिवसांची सवलत मागून पाहिली. हसला.) सात महिन्यांत मालिका गुंडाळली. मला कधी कळलं? बुधवारी दुपारपर्यंत पटकथा आली नाही म्हणून मीच फोन केला, तेव्हा. पुढचे पाच महिने नुसती नरेशनं (निर्मात्यांना गोष्ट ऐकवणं), चहा आणि "कळवतो". ६,३७,००० भागिले बारा करा, महिन्याला ५३,०८३ येतात. टीडीएसचा रिफंड मिळेल तेव्हा मिळेल. वनआरकेचं भाडं १९,०००.

माझं म्हणणं असं, की मुंबईत पूर्णवेळ कलावंत म्हणवणाऱ्या बहुतेकांच्या रिकाम्या महिन्यांचा पगार दुसरं कुणीतरी देत असतं. वडिलांनी घेऊन ठेवलेलं पार्ल्याचं घर, बायकोची नोकरी, गावची बाग. माझ्यामागे असं कुणी नाही, तेव्हा तो पगार मीच मला द्यायचं ठरवलं. यात सोडलं कुठे?

तिसरी_घंटा

भागिले बारा छान केलंत. पण नाटकवाल्यांचा हिशोब रुपयांत होतच नाही, तारखांत होतो. शनिवार-रविवार शिवाजी मंदिर, दीनानाथ, यशवंत अशा नाट्यगृहांत प्रयोग. मध्येच पुणे-नाशिक. नवीन नाटक असेल तर महिना-सव्वा महिना तालीम, दुपारी सुरू होते ती रात्री दहापर्यंत. "रजा मिळते का बघते" असं एकदा म्हणा, निर्माता दुसऱ्यांदा फोन करत नाही.

मी हे करून पाहिलंय. २०१६ ते २०१८ एका शाळेत नाट्यशिक्षिका होते. त्या दोन वर्षांत तीन नाटकं हातची गेली. त्यातलं एक चाललं, चांगलं चाललं. माझ्या भूमिकेतली बाई त्यावर अजून कामं मिळवते आहे. मी त्या नाटकाला एकदाच गेले, मागच्या रांगेत बसले आणि मध्यंतरात निघून आले.

आणि हो, माझा नवरा रेल्वेत आहे. रिकाम्या महिन्यांत घर त्याच्यावर चालतं. मार्च २०२० ला थिएटरं बंद झाली, मध्ये काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तेवढा काळ माझी नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, शून्य होती. त्याच्या पगारावर राहिले. लाजायचं काय त्यात?

लेखनिक_कांदिवली

लाजा असं कुठे म्हटलं? जाहीर सांगा, एवढंच. तुमची मुलाखत बघून पोरं नोकरी सोडतात. त्यांना स्टेज दिसतं, रेल्वे दिसत नाही.

तिसरी_घंटा

मुलाखतीत विचारतात कुठे! "या भूमिकेची तयारी कशी केली?" यापुढे गाडी जात नाही. पण ठीक आहे, हा मुद्दा घेतला.

प्रॉम्प्टर_निवृत्त

दोघेही उगाच भांडताय. मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली, फोर्टला. साडेपाचला टेबल आवरायचं, चर्चगेटहून स्लो पकडून दादर, सव्वासहाला छबिलदास शाळेच्या जिन्यात, तिथे प्रायोगिक नाटकं व्हायची. आंतरबँक स्पर्धा, कामगार कल्याणच्या स्पर्धा, राज्य नाट्य. स्पर्धेसाठी रजा मिळायची आणि साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. नाव झालं नाही, पण एक तारखेला कधी छातीत धडधडही झालं नाही. नोकरी सांभाळून सगळं होतं. मनात पाहिजे.

आयटीवाला_ठाणे

कोडिंग शिका. धागा संपला.

काळा_स्केचपेन

@आयटीवाला, तुमच्याकडेच परवा माणसं काढली ना?

@प्रॉम्प्टर काका, राग मानू नका, पण तुमची ती नोकरीच आता मिळत नाही. साडेपाचला संपणारी. एजन्सीत मी सहा वर्षं काढली. रात्री पावणेनऊला "दोन मिनिटांचा कॉल" असायचा, तो साडेनऊला संपायचा. घरी येऊन ब्रश ओला करावा तर झोप. अरुण कोलटकरांनी जाहिरातक्षेत्रात काम करून कविता लिहिल्या, हे मला दर वेळी ऐकवतात. त्यांच्या क्लायंटकडे व्हॉट्सॲप नव्हतं!

२०१९ ला नोकरी सोडली. चित्रं काढते, पुस्तकांची, पॅकेजिंगची, दिवाळी अंकांची. चढउतार आहेत, मे-जून तर ठणठणाट. पण लेखनिक, तुमचं दुखणं नोकरी नसण्याचं नाहीच. तुम्ही ९० दिवस मान्य करता हे आहे. मी निम्मे पैसे आधी घेते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केली आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. हे बिलाच्या तळाशी मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलंय.

लेखनिक_कांदिवली

आणि नोटीस पाठवली की पुढचं काम बंद. आमच्या धंद्यात निर्माते मोजून तितकेच, आणि संध्याकाळी सगळे एकमेकांशी बोलतात.

काळा_स्केचपेन

एकदा पाठवली. २२,००० अडकले होते, सात महिने. नोटिशीनंतर १९ दिवसांत आले. त्या क्लायंटचं काम बंद झालं हेही खरं. पण मला पंधरा छोटे क्लायंट आहेत, तुम्हाला एकच मोठा. एका निर्मात्यावर बसलेला माणूस आणि नोकरदार यात फरक काय? नोकरदाराला निदान पीएफ असतो.

(तुमच्याकडे हे जमणार नाही हे मलाही दिसतंय. रोजच्या मालिकेचा लेखक पंधरा ठिकाणी लिहूच शकत नाही. मग निदान दर तरी असा सांगा, की त्यात पुढचे तीन रिकामे महिने बसतील.)

लेखनिक_कांदिवली

दर सांगितला होता. पलीकडे २,५०० मध्ये लिहायला मुलगा तयार होता. हुशार आहे. घर पार्ल्यालाच, वडिलांचं.

प्रॉम्प्टर_निवृत्त

साडेपाचचं मान्य. माझा मुलगा खाजगी बँकेत आहे, नातवाच्या गॅदरिंगलाही पोचत नाही. पण मग डॉ. लागूंचं काय म्हणाल? कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ ला सगळं सोडून पूर्णवेळ नाटकात.

तिसरी_घंटा

काका, नाटक पडलं असतं तर दवाखाना होता हो. माझ्याकडे परत जायला बीए मराठी आहे.

@लेखनिक, एकच विचारते. नोकरी लागल्यापासून स्वतःचं किती लिहिलंत?

लेखनिक_कांदिवली

एकांकिकेची अकरा पानं. सगळी जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), ऑफिसच्या वाटेवर, बसमध्ये, फोनवर. सीप्झच्या सिग्नलला सगळ्यात जास्त. आधीच्या पाच रिकाम्या महिन्यांत एकही पान नव्हतं, कारण तेव्हा रोज दुसऱ्याला आवडेल असं काहीतरी सुचवत बसलो होतो.

तिसरी_घंटा

प्रोबेशन किती?

लेखनिक_कांदिवली

सहा महिने.

तिसरी_घंटा

मग पानं तेव्हा मोजा. पहिल्या महिन्यात मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून अख्खा स्वगताचा कार्यक्रम लिहिला होता. दुसऱ्या महिन्यात पेपर तपासायला आले.