औषधाआधी पाणी बघा
एका रात्रीत चार गोल्डफिश गेले म्हणून तुम्ही लगेच औषध ओतलंत, हे वाचून फार वाईट वाटलं. पण बरेच मासे एकदम जातात तेव्हा रोगाआधी पाण्याचा संशय घ्यावा. नाशकात नळाला गंगापूर धरणाचं पाणी क्लोरीन घालून येतं. ते थेट टाकीत गेलं की कल्ले भाजतात, मासे वर येऊन धापा टाकतात. फिल्टरचा स्पंज त्याच नळाखाली धुतला असेल तर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणूही मरतात आणि तो अमोनिया साठतो. हे जास्त घातक, कारण पाणी दिसायला स्वच्छच असतं! उरलेल्यांसाठी आजच पाव टाकी पाणी बदला, अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रव्य) घालून. एअरपंप रात्रभर चालू, खाणं दोन दिवस बंद. पांढरे ठिपके किंवा कुजलेले पर दिसल्याशिवाय औषध नकोच. फॉर्मलिनसारखी औषधं ऑक्सिजन आणखी घटवतात. बाकीचे कसे आहेत, नक्की कळवा.