‘महाराज वाडीला गेले’ : आकान भाषेतला मृत्यू मराठीत कसा आणावा?

कोशवेडा : घानामधील आकान समाजाच्या शोकगीतांविषयीचा लेख मराठीत आणताना अडलो आहे. तेथे राजा मरण पावला असे म्हणत नाहीत. तो आपल्या ‘आकुरा’ला गेला, असे म्हणतात. मी ‘महाराज गावी गेले’ असे लिहिले, तर संपादकांनी ते खोडून ‘कैलासवासी झाले’ असे केले. आपले मत काय?

तिरपी रेघ : आकान मृतात्मे ‘असामांडो’ या पूर्वजांच्या लोकात जातात, त्यामुळे कैलास तेथे सर्वथा उपरा आहे. मात्र ‘गावी गेले’ वाचताना चाकरमानी गणपतीला निघाल्याचा भास होतो. आकुरा म्हणजे शेतशिवारातली लहान वस्ती असल्याने ‘वाडीला गेले’ अधिक जवळचे वाटते.

जुनी वही : ‘ओदुपोन आतुतु’, म्हणजे महावृक्ष उन्मळला, हाही राजाच्या मृत्यूचाच संकेत आहे. कृपा करून तेथे ‘वटवृक्ष कोसळला’ लिहू नका. शोकसभांनी तो शब्दप्रयोग पार झिजवला आहे, शिवाय ‘उन्मळणे’ यातली मुळे ‘कोसळणे’ यात राहत नाहीत.

माजघर : आपण दोन गोष्टींची गल्लत करत आहोत. हे राजदरबाराचे संकेत झाले. शोकगीते बायका गातात. घानाचे संगीत-अभ्यासक क्वाबेना न्केतिया यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते की गाणारी मृताला थेट हाक मारते, त्याचे पूर्वज, कुळ आणि मूळ ठिकाण सांगते, आणि इकडे कोणी येणार असेल तर त्याच्या हाती काहीतरी पाठव, अशी विनवणीही करते. मृत पूर्वजांशी देणेघेणे चालूच राहते असे मानणाऱ्या बाईच्या तोंडी ‘गेला’ ही सौम्योक्ती, म्हणजे कटू गोष्ट मृदू शब्दांत झाकणे, कशी ठरेल?

शुद्धमती : ‘सौम्योक्ती’ हा घडवलेला, निर्जीव शब्द आहे. आमची आजी बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणे. त्याला कोणी पारिभाषिक संज्ञा दिली नव्हती.

तिरपी रेघ : नारळ आणि दुकानही ‘वाढवतात’, आणि तेथे शोकाचा संबंध नसतो. मला तर या अर्थाचे मूळ ताटात वाढण्यात दिसते.

शुद्धमती : ताटाचा येथे काहीही संबंध नाही, अशुभ क्रियेला वृद्धीचे नाव देणे, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

माजघर : मग वाडीला गेलेल्या राजाचे काय? तेथे वृद्धी कुठे आहे?