विषय: शाळेच्या पियानोंचं ट्यूनिंग – बजेटमध्ये किती मागायचे?

नमस्कार मंडळी,
आमच्या न्यू जर्सीतल्या मिडल स्कूलच्या संगीत विभागासाठी पुढच्या वर्षाची मागणी लिहायची आहे. पियानो सात: ऑडिटोरियममध्ये ग्रँड, कॉयर आणि बँडच्या खोलीत एकेक अपराइट (उभा पियानो), सरावाच्या खोल्यांत चार (त्यातला एक देणगीत आलेला जुना स्पिनेट, म्हणजे बुटका अपराइट). ऑफिसने सात गुणिले 130 करून 910 डॉलर धरलेत. पुरतील का? आपल्या मंडळाचा गणेशोत्सवही याच ऑडिटोरियममध्ये असतो, म्हणून इथेच विचारते.
– मेधा

---

मेधाताई,
नाही पुरणार. सगळ्या पियानोंना एकच माप लावलंय, तिथेच घोळ आहे. ग्रँड वर्षातून चारदा लावा: शाळा सुरू होताना, विंटर कॉन्सर्टच्या आठवड्यात, मार्चमध्ये आणि स्प्रिंग कॉन्सर्टच्या आधी. कॉयर आणि बँडचे दोनदा, सरावाचे तीन एकदा. झाली अकरा ट्यूनिंग. दर 160 धरला तर 1,760. (तुमच्याकडचा दर विचारून घ्या. एका दिवसात चार-पाच लावायचे असतील तर बरेच जण कमी करतात.)

स्पिनेटवर तपासणीआधी छदामही घालू नका. तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या ढिल्या असतील तर आज लावलेला पंधरा दिवसांत उतरतो. फुकटचा पियानो आणायलाही पैसे लागतात आणि टाकायलाही.

दुरुस्तीची ओळ वेगळी ठेवा, ट्यूनिंगच्या पाव हिश्शाइतकी: 440. शाळेत बिघडतं तेच ते. पट्ट्यांत पडलेली पेन्सिल, नाणी, क्लिपा, हातोडीची मोडलेली दांडी, तुटलेली तार, सैल पेडल. हे ट्यूनिंगच्या रकमेत कोंबलं की मे महिन्यात अडकलेली पट्टी सोडवायलाही पैसे उरत नाहीत.

आणि पहिल्या वर्षापुरता पिच रेझ, म्हणजे फार उतरलेला सूर आधी वर आणणं. पियानोत साधारण 230 तारा, सगळ्यांचा मिळून ताण 18 टनांच्या आसपास. वर्षानुवर्षं हात न लागलेला पियानो 20 सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या सुरांच्या अंतराचा पाचवा हिस्सा) उतरला असेल, तर एका फेरीत भागत नाही. ताण वाढत जातो तसा साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून आधी एक ढोबळ फेरी, मग बारीक ट्यूनिंग. असे चार पियानो धरले, प्रत्येकी 60 जादा: 240. एकूण 2,440.

अपराइटसाठी हीटिंग सुरू झाल्या झाल्या कुणाला बोलावू नका. हवा कोरडी पडते, साउंडबोर्डचं लाकूड आक्रसतं, मधलं सप्तक आधी उतरतं. तीन-चार आठवडे जाऊ द्या.
– श्रीकांत

---

श्रीकांतदादांच्या हिशेबात कागदपत्रांची भर घालते. ही रक्कम साहित्याच्या खात्यात नको, बाहेरून घेतलेल्या सेवांच्या खात्यात मागा. नाहीतर ती रीड्स आणि नोटेशनच्या कागदांत संपते. आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून, म्हणजे मेमधली फेरी जुन्या पैशांतून आणि सप्टेंबरची नव्या. पीओ (शाळेची खरेदी ऑर्डर) नंबर हातात आल्याशिवाय ट्यूनरला कामाला लावू नका, बिल लटकतं. ट्यूनरचा डब्ल्यू-9 (करासाठीचा फॉर्म) आणि विम्याचा दाखला उन्हाळ्यातच घेऊन ठेवा. ट्यूनर निवडताना पियानो टेक्निशियन्स गिल्डचा आरपीटी (रजिस्टर्ड पियानो टेक्निशियन) आहे का ते बघा. त्यांना लेखी, तांत्रिक आणि ट्यूनिंग अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात.
– अनघा

---

खूप आभार. ग्रँडखाली डॅम्प-चेझर (पियानोतला ओलावा कायम राखणारं यंत्र) बसवलेलं आहे, पण एकही दिवा लागत नाही. बिघडलंय का?
– मेधा

---

आधी प्लग बघा. व्हॅक्यूम लावायला सफाईवाले तोच काढतात आणि परत लावायचं राहून जातं. प्लगवर चिकटपट्टी मारून ‘काढू नका’ असं इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लिहा. हिरवा दिवा म्हणजे वीज आहे, पिवळा म्हणजे पाणी भरा, लाल म्हणजे पाणी शोषणारे पॅड बदला. पाणी कोण भरणार ते नावानिशी ठरवा, ‘संगीत विभाग’ म्हटलं की कुणीच भरत नाही. पॅडचा खर्च दुरुस्तीच्या ओळीत टाका.

गणेशोत्सवाचं म्हणाल तर ‘ए’ हा सूर 440 हर्ट्झला लावलेल्या पेटीशेजारी 20 सेंट उतरलेला पियानो ठेवलात, तर त्या ‘ए’वर सेकंदाला पाच आंदोलनं (आवाज कमी-जास्त होत थरथरणं) ऐकू येतील. पेटी काही तिथल्या तिथे उतरवता येत नाही, त्यामुळे सप्टेंबरची फेरी कार्यक्रमाच्या आधी बसवा. मंडळाने तिचे 160 दिले तर शाळाही नाही म्हणणार नाही. कार्यकारिणीने विचार करावा.
– श्रीकांत