सल्ला हवा आहे: विनिपेग ते चर्चिल रेल्वेप्रवास, सोबत सत्तरीचे आईबाबा

कृष्णाकाठ:
मी कॅनडात विनिपेगमध्ये राहते. येत्या जुलैत मिरजेहून आईबाबा येत आहेत. बाबांची सारी नोकरी रेल्वेत, रुळांच्या देखभालीत गेली. उत्तरेला हडसनच्या उपसागराकाठी वसलेल्या चर्चिल या गावाला बाहेरून रस्ताच जात नाही, म्हणून गोठलेल्या जमिनीवरून तिथवर रूळ कसे नेले हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे. सुमारे १,७०० किलोमीटरचा हा प्रवास वेळापत्रकाप्रमाणे दोन रात्रींचा आहे. तिघांचा सर्व खर्च चार हजार डॉलरांत बसवायचा आहे. बर्थ घ्यावा की खुर्चीवर भागेल, आणि शाकाहारी जेवणाची सोय कशी करावी, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तरायण:
चर्चिलला जावे ते ध्रुवीय अस्वलांसाठी, आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हडसनचा उपसागर गोठण्याची वाट पाहत किनाऱ्यावर जमतात. आम्ही नोव्हेंबरात विमानाने गेलो आणि उंच चाकांच्या टुंड्रा-गाडीतून मादी व तिची पिल्ले अगदी जवळून पाहिली. खर्च तुमच्या आकड्याच्या कितीतरी पुढे जातो, पण आईवडिलांना न्यायचे तर हात आखडता घेऊ नये.

रानवाट:
विनिपेगहून थॉम्पसनपर्यंत उत्तम रस्ता आहे. साधारण ७६० किलोमीटर मोटारीने जाऊन तिथे रेल्वे पकडली, तर एकच रात्र गाडीत काढावी लागते आणि पैसेही वाचतात. आम्ही तसेच केले आणि आजही तोच मार्ग सर्वांना सुचवतो.

ध्रुवतारा:
वेळापत्रकावर विसंबू नका. आमची गाडी अर्ध्या दिवसाहून अधिक उशिरा पोहोचली, आणि आगाऊ भरलेले एका रात्रीचे खोलीभाडे निवासगृहाने परत केले नाही. मालगाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाडी तासन्‌तास उभी करतात.

खडीगिट्टी:
मालगाड्यांचे कारण दक्षिणेकडच्या भागापुरते खरे आहे. द पा या गावापासून पुढे हडसन बे रेल्वेचा मार्ग सुरू होतो, आणि तिथे खरी अडचण जमिनीची आहे. दलदलीखालचा कायम गोठलेला थर उन्हाळ्यात वरून वितळतो, रूळ खचतात किंवा वाकतात, आणि म्हणून वेग फार कमी ठेवावा लागतो. आधी हा मार्ग पोर्ट नेल्सनकडे न्यायचा होता. १९२७ साली तो चर्चिलकडे वळवला आणि १९२९ साली रूळ तिथे पोहोचले. २०१७ च्या मे महिन्यातील पुरात भराव अनेक ठिकाणी वाहून गेला, आणि प्रवासी गाडी थेट २०१८ च्या डिसेंबरात पुन्हा धावली. तारांचे जुने खांब तीन पायांच्या तिवईवर उभे केलेले दिसतील, कारण जमीन गोठताना फुगते आणि पुरलेला एकटा खांब वर ढकलला जातो. आपल्या वडिलांना ते अवश्य दाखवा.

ध्रुवतारा:
कारण कोणतेही असो, खोलीचे पैसे गेले ते गेलेच.

शेवंती:
मूळ प्रश्नाकडे येते. खालचे बर्थ घ्यावेत. दिवसा त्यांच्या समोरासमोर बसण्याच्या जागा होतात, रात्री पडदा ओढून आडवे होता येते, आणि वरच्या बर्थला शिडी चढावी लागते, ती या वयात नको. शाकाहारी पदार्थ मोजकेच मिळतात, म्हणून दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट सोबत न्यावे. जुलैत डास आणि चावणाऱ्या काळ्या माश्या अतोनात असतात, त्यामुळे तोंडावर घेण्याची जाळी हवीच.

उत्तरायण:
जुलैत रात्र पुरेशी काळोखी होत नाही, त्यामुळे ध्रुवीय प्रकाशही दिसणार नाही. नोव्हेंबरच योग्य.

रानवाट:
जुलैत बेलुगा देवमासे हजारोंनी चर्चिल नदीच्या मुखाशी येतात, हे विसरू नये. मात्र थॉम्पसनपर्यंत मोटारच बरी.

खडीगिट्टी:
एक गोष्ट राहिली. थॉम्पसन ते चर्चिल हा टप्पा गाडी रात्रीच पार करते. हिवाळ्यात खिडकीबाहेर काळोखाखेरीज फारसे काही दिसत नाही. जुलैत पहाटे चार-साडेचारलाच उजाडते, त्यामुळे गाडी वेळेवर असली तर खुरटत जाणारी झाडे आणि मग उघडी दलदल, हा सारा बदल दिसतो. वडिलांना पहाटे खिडकीपाशी बसवा.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. विमान, नोव्हेंबर आणि थॉम्पसनपर्यंत मोटार, या तिन्ही सूचना बाबांपुढे ठेवल्या, पण त्यांना विनिपेगच्या फलाटापासून शेवटच्या रुळापर्यंतचा एकही टप्पा गाळायचा नाही. त्यामुळे जाता-येता दोन्ही वेळा रेल्वेच ठरली आहे. आईबाबांसाठी खालचे बर्थ आणि माझ्यासाठी खुर्ची अशी तिकिटे आज काढली. उशीर गृहीत धरून चर्चिलला पोहोचण्याच्या रात्रीऐवजी दुसऱ्या रात्रीपासून खोली घ्यावी का, की ते जास्त धोक्याचे आहे?

शेवंती:
पहिल्या रात्रीपासूनच घ्यावी. जुलैत गावात खोल्या लवकर भरतात, आणि गाडी वेळेवर सकाळी पोहोचली तर वडीलधाऱ्यांना घेऊन रात्री कुठे राहणार? उशीर झाल्यास पैसे परत मिळतील का, हे मात्र आत्ताच लेखी विचारून ठेवा.